चादरीवरचं सरबत

आपा, तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले आणि मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे. रडून झालं, तुमच्या सुनेच्या, शाहीनच्या गळ्यात पडून झालं, ड्यूटीवर दोनदा तोंड धुऊन आले. चिडणं तेवढं शिल्लक आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, पण तुम्ही होतात तेव्हा मी तुमच्याशी जेवढी भांडले तेवढी नवऱ्याशीसुद्धा भांडले नाही. आता एकदम गोड बोलायला लागले तर तुम्हालाच खोटं वाटेल. शिवाय आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि ते मिटवायला मी आता एकटीच उरले आहे.

सुरुवातीपासून सांगते. तुम्हाला माहीत असलेलंच सांगते, पण तुम्ही मला कधी सलग बोलू दिलं नाहीत. आता ऐका.

मी आपल्या आरोग्य केंद्रात नवी सिस्टर म्हणून आले तेव्हा बाळंतपणाच्या खोलीत तुमचं राज्य होतं. डॉक्टरसुद्धा दारात थांबून विचारायचे, ‘येऊ का, नसीम आपा?’ तुमचा आवाज मोठा, पण बाईच्या उशाशी बसलात की तो कुठे जायचा कोण जाणे. कळा देणाऱ्या बाईच्या कपाळावरचे केस तुम्ही असे मागे सारायच्या की ती तुमचंच लेकरू. दोन वर्षं मी तुमच्या मागेमागे फिरले. हात कसे धुवायचे, ओरडणाऱ्या बाईला न ओरडता कसं गप्प करायचं, नातेवाइकांना बाहेर कसं थोपवायचं, सगळं तुमच्याकडे पाहून शिकले. मला वाटायचं, मी आता पक्की झाले.

आणि मग ती दुपार आली. बाळ झालं, वार पडली, बाई हसली, मी औषधांचा ट्रे घेऊन कोपऱ्यातून निघाले आणि तिला रक्तस्राव सुरू झाला. मी तिथेच थांबले. पाय हलेनात. तुम्ही मला दोनदा हाक मारलीत, ते मला ऐकू आलं, कळलंसुद्धा, तरी मी भिंतीला लावलेल्या कपाटासारखी उभी. शेवटी तुम्हीच आलात, माझ्या हातातला ट्रे ओढून घेतलात आणि सगळं एकटीने केलंत. ती बाई वाचली. चौथ्या दिवशी आपल्या पायांनी चालत घरी गेली, जाताना मलासुद्धा पेढा दिला. तो पेढा मी खाऊ शकले नाही.

तुम्ही मला त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं, असं मी पुढे कितीदा म्हणाले असेन. तीन महिन्यांनी मी नोकरी सोडली. सगळ्यांना सांगितलं, मुलगी लहान आहे, सासूबाईंचा गुडघा धरलाय, घरी दुसरं कोणी नाही. तुमच्या डोळ्यांकडे न बघता तुम्हालाही तेच सांगितलं. तुम्ही नुसतं ‘बरं’ म्हणालात.

त्यानंतर अकरा वर्षं मी मेडशीला घरी. वाईट नव्हती हो ती वर्षं. शेत होतं, मुलगी होती, मग मुलगा झाला, सोयाबीनच्या दिवसात तर मान वर करायला वेळ नसायचा. पण गावात कुणाचं बाळंतपण अडलं, गाडी बोलवा, असं कानावर आलं की मी घरात जाऊन उगाच भांडी आवरत बसायचे. आणि सासूबाईंच्या वाट्याला काय आलं? अख्खं गाव म्हणायचं, शिकलेली सून, सरकारी दवाखान्यातली नोकरी, म्हातारीने सोडायला लावली. मी ते ऐकत होते. एकदाही ‘असं नाही’ म्हणाले नाही.

मग वाशीमच्या एसटी स्टँडवर तुम्ही भेटलात. मी लेकीचं कॉलेजचं काम करून परत निघाले होते. तुम्ही रिटायर झाला होतात, केस पांढरे, पण मला लांबूनच ओळखलंत. नमस्कार नाही, चमत्कार नाही, म्हणालात, “हात दाखव.” मी वेड्या बह्याडासारखे दोन्ही हात पुढे केले. तुम्ही ते उलटेपालटे करून पाहिलेत, जवळ उभी असलेली दोन माणसं आपल्याकडे बघत होती. मग म्हणालात, “हात तं जाग्यावर हायेत. मंग काहून घरी बसली?”

मी गुडघ्याचं सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत, डोक्यावरची ओढणी सारखी केलीत आणि म्हणालात, “अकरा वर्षं? असा गुडघा मी साऱ्या नौकरीत पाह्यला नाही, सुरेखा.”

माझी बस निघून गेली त्या दिवशी. तुम्ही मला घरी घेऊन गेलात, शाहीनने चहा केला, आणि अकरा वर्षांपूर्वीच्या त्या दुपारचं मी पहिल्यांदा कुणाला तरी बोलले. सगळं सांगितलं. तुम्ही म्हणालात, आधी घरी जा आणि सासूला खरं सांग, तिच्या नावावर फुकट खपवलंय ते परत घे, मग आपण बोलू. मला वाटलं होतं तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवाल. नाही फिरवलात.

सासूबाईंना सांगताना मला जो घाम फुटला तो मुलाखतीतही फुटला नाही. त्या गहू निवडत होत्या. सगळं ऐकलं आणि सूप खाली ठेवलं. “म्हंजे अकरा वर्षं गाव मले बोलून राह्यलं, अन् तू आयकून राह्यली?” दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पिठाच्या चक्कीवर गेल्या आणि तिथे जमलेल्या सगळ्या बायांना मोठ्याने सांगून आल्या की आमची सुरेखा पुन्हा नोकरीवर जाणार आहे, मीच धाडून राहिले आहे. मी अजून अर्जसुद्धा भरला नव्हता. पण चक्कीवर जाहीर झालेली गोष्ट मागे कशी घेणार?

मग दर गुरुवारी मी मेडशीहून वाशीमला तुमच्याकडे यायला लागले. तुमच्या अंगणात आपली शाळा भरायची. पहिल्या दिवशी तुम्ही फर्मावलंत की येताना तीन किलो सोयाबीन आण. मला वाटलं घरात लागत असेल. तुम्ही ते उशीच्या अभ्र्यात भरलंत, तोंड शिवलंत आणि माझ्या हातात दिलंत: हे बाळ. धर. डोकं कुठे, मान कुठे, निसटतं कसं, पुन्हा पुन्हा धरायला लावलंत. एकदा ते माझ्या हातून पडलं आणि अभ्रा फाटून सोयाबीन अंगणभर झालं. तुम्ही एवढंच म्हणालात की बरं झालं सोयाबीन होतं, आणि दोघींनी बसून दाणे वेचले. तुमच्या कोंबड्यांची चंगळ झाली.

आणि ते सरबत! शाहीन आजही त्याचं नाव काढते. दुसऱ्या का तिसऱ्या गुरुवारी मी आले तर अंगणात खाटेवर जुनी पांढरी चादर पसरलेली आणि तिच्यावर हा एवढा लाल डाग. तुम्ही खाटेपाशी हाताची घडी घालून उभ्या. “सांग, किती गेलं?” मी जवळ जाऊन पाहिलं तेव्हा गुलाबाचा वास आला. मी म्हणाले, एक ग्लास असेल. तुम्ही मान हलवलीत. तीन ग्लास ओतले होतेत मोजून. म्हणालात, कापड पिऊन टाकते आणि आपल्या डोळ्याला कमी दिसते, सिस्टर लोक इथेच फसतात. डाग लहान दिसतो म्हणून वाट बघत बसतात आणि तिकडे बाई थंड पडते. पुढच्या गुरुवारी पुन्हा चादर, पुन्हा वेगळं माप. मुंग्यांनी खाटेचा ताबा घेतला. शाहीनने रोजे सुरू होण्याआधी दोन बाटल्या आणून ठेवल्या होत्या, त्या दोन्ही माझ्या शिक्षणात गेल्या. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, “अम्मी, इफ्तारले काय देऊ पाहुण्याइले?” तुम्ही तिला म्हणालात, लिंबू पिळ. पाचव्या चादरीला मी बरोबर माप सांगितलं. तुम्ही तेव्हाही शाबास म्हणाला नाहीत, फक्त चादर धुवायला टाकलीत.

हात येत होते, डोळे येत होते. पण भीती जात नव्हती. आपलं भांडण इथे सुरू झालं. मी म्हणायचे, आपा, भीती गेली की अर्ज भरते. तुम्ही म्हणायच्या, “भ्याव जात नसते, बेटा. ते पोटात राह्यते अन् हात काम करत राह्यतात. मले छत्तीस वर्षं झाले, अजून कळा आयकल्या का पोटात गोया येते.” मला ते पटायचं नाही. मला वाटायचं तुम्ही माझी समजूत घालताय. मी तुम्हाला पाहिलं होतं ना त्या दुपारी. तुमचा चेहरा, तुमचे हात. त्यात भीती कुठेच नव्हती. मी म्हणायचे, तुम्ही वेगळ्या, तुमच्या रक्तातच नाही ती. तुम्ही चिडायच्या. म्हणायच्या, मला देवी करून भिंतीवर टांगू नको, त्याने तुझंच नुकसान आहे. मी म्हणायचे, मग सिद्ध करा. आता भीती वाटते हे कुणी सिद्ध कसं करून दाखवावं? पण मी तेवढी हट्टी आहे, आणि तुम्हीही कमी नव्हतात. कित्येक गुरुवार आपण यावरून एकमेकींशी न बोलता चहा प्यायलो.

अर्ज शेवटी तुम्हीच माझ्यापुढे ठेवलात आणि पेनाचं टोपण काढून दिलंत. नर्सिंगची नोंदणी संपली होती, ती पुन्हा करताना जे काही कागद लागले ते लागले. उजळणीच्या प्रशिक्षणाला सगळ्या पोरी विशीतल्या. पहिल्या दिवशीच मला ‘काकू’ करून टाकलं. मी पाऱ्याचं थर्मामीटर मागितलं तेव्हा एकमेकींकडे बघून हसल्या. जागा निघाली ती आपल्याच केंद्रात, त्याच खोलीत. रुजू व्हायला गेले त्या सकाळी दारात पाऊल अडलं. तुम्ही आत असता तर ‘ये’ म्हणाला असतात. आत पल्लवी होती, माझ्याहून सतरा वर्षांनी लहान सिस्टर. ती म्हणाली, “या काकू, चहा ठेवलाय.”

परत आल्यावरचं माझं पहिलं बाळंतपण आठवतं ना, मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं? बाळ हातात आलं आणि माझा हात आपोआप कात्रीकडे गेला. आपल्या वेळी बाळ आलं की नाळ कापली, एवढी घाई की जणू बस सुटतेय. पल्लवीने माझं मनगट धरलं. म्हणाली, काकू, थांबा, नाळेत ठोके आहेत अजून, ते थांबू द्या, बाळाला त्याचं रक्त मिळू द्या. मला एवढी लाज वाटली. संध्याकाळी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात की आपण एवढी वर्षं घाई केली, आपल्याला तसंच शिकवलं होतं. आणि मग: “त्या पोरीपाशी शीक. लाजू नको.” तुमच्यासारख्या बाईने, जिला डॉक्टर विचारून आत यायचे, ते एका वाक्यात मान्य केलं. आपा, मला तुमचा एवढा अभिमान वाटला त्या दिवशी. ते तोंडावर सांगितलं नाही, कारण आपल्या दोघींमध्ये तसं बोलायची पद्धतच नव्हती.

दोन वर्षं सुखाची गेली. खरंच सुखाची. टॅबवर नोंदी भरायला शिकले, पल्लवीच्या लग्नात नाचले, सासूबाई माझा डबा भरायला लागल्या आणि गावात सांगत सुटल्या की सुनेला ड्यूटी आहे, मला वेळ नाही. पण जे व्हायची मला भीती होती ते काही झालं नाही. सगळ्या बाया सुखरूप सुटत होत्या. म्हणून आपलं भांडणही तिथेच उभं होतं. तुम्ही दर वेळी फोन ठेवताना विचारायच्या, “अजून?” आणि मी म्हणायचे, अजून काही नाही.

मागच्या महिन्यात ते झालं. त्यानंतरच्या गुरुवारी मी सुट्टी टाकून तुमच्याकडे आले. सगळा रस्ताभर बसमध्ये मनात जुळवत आले, कुठून सुरू करायचं. तुमचं आजारपण ऐकून घरात पाहुणे भरलेले. तुमची बहीण आलेली, भाचे आलेले. तुम्ही उशांना टेकून बसलेल्या, दम लागत होता. मला वाटलं, हे सांगायचं तर निवांत, आपण दोघी आणि मध्ये चहा. पुढच्या गुरुवारी सांगू. तुम्ही मला विचारलंत, “कशी चालली ड्यूटी?” मी म्हणाले, चांगली. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. “अजून?” मी म्हणाले, अजून काही नाही. तुम्ही शाहीनला हाक मारून मला चहा द्यायला सांगितलंत आणि डोळे मिटलेत.

पाच दिवसांनी तुम्ही गेलात. तिसऱ्या दिवशीची जियारत, दुआ झाल्यावर मी शाहीनजवळ बसले तेव्हा तिने सांगितलं. ज्या दिवशी ते झालं त्याच संध्याकाळी पल्लवीने तुम्हाला फोन केला होता. तुम्हाला सगळं ठाऊक होतं. तुम्ही घरभर सांगितलं होतंत, बहिणीला, भाच्यांना, दूधवाल्यालासुद्धा. आणि सगळ्यांना दम दिला होतात की सुरेखा येईल तेव्हा कुणी तोंड उघडायचं नाही. शाहीन म्हणाली, “अम्मी म्हने, तिनं स्वतःच्या तोंडानं सांगू दे. तिची गोष्ट हाये, तिलेच सांगू दे.”

म्हणून मी चिडले आहे. माहीत होतं तर एकदा टोचायचं तरी होतं. एरवी टोचल्याशिवाय सोडलंत का कधी? आणि स्वतःवर तर त्याहून चिडले आहे. तुमच्या घरातल्या त्या सगळ्या पाहुण्यांना ठाऊक होतं, ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मी खुशाल ‘अजून काही नाही’ म्हणून चहा पिऊन आले. पण शाहीन म्हणाली, मी गेल्यावर तुम्ही हसत होतात. ‘येईल, सांगेल’ म्हणत होतात. तेवढ्यावर मी सध्या भागवते आहे.

तर आता सांगते, माझ्या तोंडाने.

दुपारचे तीन वाजले असतील. पोहरादेवीकडची मुलगी, पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली. मुलगी झाली, रडली, आईच्या छातीवर ठेवली. नाळेचे ठोके थांबेपर्यंत थांबले. वार पडली. इंजेक्शन वेळेवर दिलं होतं. सगळं नीट. आणि मग चादर लाल व्हायला लागली. मी पाहिलं आणि डोळ्याने माप सांगितलं, अर्धा लिटर, आणि वाढतंय. पोटावर हात ठेवला तर गर्भपिशवी मऊ, भिजवलेल्या कणकेसारखी. ती कडक हवी. त्या क्षणी, आपा, मला तुमच्या हाका ऐकू आल्या, त्या जुन्या दुपारच्या, दोन्ही. पोटात एवढा मोठा गोळा आला की श्वास अडला. 

पण हात सुरू झाले होते. मी पोट चोळत होते, जोर लावून, गोल गोल. पल्लवीला सलाइन लावायला सांगितलं, त्यात कोणतं औषध ते सांगितलं, डॉक्टरांना हाक मारायला सांगितलं, गाडी तयार ठेवायला सांगितलं. माझा आवाज माझाच आहे का, असं वाटत होतं. डॉक्टर आले तोवर पिशवी हाताखाली आवळायला लागली होती. ते मला बाजूला करायला गेले तर मी हललेच नाही. म्हणाले, राहू द्या सिस्टर, तुम्हीच धरा. वीस मिनिटांनी रक्त थांबलं. गाडी परत पाठवली. मी मागच्या बाजूला जाऊन ओकले, तोंड धुतलं आणि पुन्हा आत येऊन तिच्या उशाशी बसले.

तिचे केस घामाने कपाळाला चिकटले होते. मी ते मागे सारत होते. तिने डोळे उघडले आणि माझ्या हाताकडे पाहिलं. हात अजून थरथरत होता. मला तो लपवताही आला नाही. तिने हळूच विचारलं, “सिस्टर, तुमाले भ्याव वाटलं का?”

मी म्हणाले, “हो बाई. लय वाटलं.”

ती हसली. म्हणाली, “बरं झालं. मले वाटलं मी एकलीच भेली.” आणि लेकीला जवळ घेऊन झोपली.